एकेचाळीस जणांच्या सभागृहात सरकारला आवरतं कोण? त्रिनिदाद-टोबॅगोच्या राज्यघटनेबद्दल

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘त्रिनिदाद-टोबॅगोतही राष्ट्रपती, पंतप्रधान, दोन सभागृहं आणि लेखी राज्यघटना आहे. म्हणजे सगळं आपल्यासारखंच. मग तिथलाही राष्ट्रपती नुसता सह्या करणारा का? आणि एवढ्याशा देशात सरकारवर वचक कोणाचा?’ तिला तुलनात्मक शासनव्यवस्थेचा पेपर द्यायचा आहे. पण हा प्रश्न पेपरपुरता नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पंचवीस वर्षं विधेयकांचे मसुदे तयार केले. त्यामुळे घटना वाचताना माझी नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते: कोणती सही कोणाच्या सल्ल्याने होते आणि कोणती स्वतःच्या अखत्यारीत.

थोडक्यात उत्तर आधी देते. रोजच्या कारभारात तिथला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतो, कलम ८० तसं स्वच्छ सांगतं. पण त्याच कलमात अपवाद आहेत आणि त्या घटनेचा कणा त्या अपवादांत आहे. सभागृह लहान असलं की त्याच्याने सरकार आवरत नाही, हे घटना लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. म्हणून सरकारला अडवायचं काम त्यांनी मतदानाने न भरल्या जाणाऱ्या काही खुर्च्यांकडे दिलं, आणि त्यांतल्या बऱ्याच खुर्च्यांवर कोण बसेल हे राष्ट्रपतीच्या विवेकावर सोडलं. या व्यवस्थेचं बळ तिथेच आहे आणि दुखणंही तिथेच.

त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांचा हा कॅरिबियन देश केवढा, हे समजायला गोवा डोळ्यांसमोर आणा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. त्रिनिदाद-टोबॅगोचीही साधारण १४ लाख आहे. गोव्याच्या विधानसभेत ४० जागा आहेत, त्यांच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, ४१. फरक असा की गोव्याच्या डोक्यावर संसद आहे, केंद्र सरकार आहे. त्रिनिदादमध्ये ही ४१ माणसं म्हणजेच देशाचं लोकनियुक्त सभागृह. संरक्षण, परराष्ट्र धोरण, तेल आणि वायूचा पैसा, सगळं त्यांच्यापुढे येतं.

आता मंत्र्यांचं बघा. गोव्यात ९१ व्या घटनादुरुस्तीमुळे मुख्यमंत्री धरून बारापेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. त्रिनिदादच्या घटनेत अशी मर्यादाच नाही. ॲटर्नी जनरल मंत्रिमंडळात असलाच पाहिजे, बाकी किती मंत्री करायचे हे पंतप्रधानाने ठरवायचं. २०२० च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला ४१ पैकी २२ जागा मिळाल्या. बावीस जणांतून मंत्री आणि संसदीय सचिव निवडल्यावर मागच्या बाकांवर किती उरणार? सत्ताधारी पक्षाचा असूनही मंत्री नसलेला, म्हणून मंत्र्याला मोकळेपणी धारेवर धरू शकणारा सदस्य तिथे बोटावर मोजण्याइतका असतो. त्यातून पक्षाने काढून टाकलेल्या किंवा पक्ष सोडलेल्या सदस्याची जागा रिकामी होण्याची तरतूद घटनेतच आहे. तेव्हा प्रतिनिधिगृह सरकार बनवतं, पण त्याला रोखेल ही आशा फार धरता येत नाही.

हे कोणी टेबलाशी बसून काढलेलं अनुमान नाही, तिथल्या लोकांनी ते भोगलेलं आहे. देश ३१ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. १९७१ च्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार घातला, मतदान जेमतेम एक तृतीयांश झालं आणि एरिक विल्यम्स यांच्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंट या पक्षाने ३६ च्या ३६ जागा जिंकल्या. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात विरोधी बाकावर बसायला एकही माणूस नव्हता. त्याच सुमारास सर ह्यू वूडिंग यांच्या अध्यक्षतेखाली घटना आयोग नेमला गेला. त्याने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा काही अंश आणायची शिफारस केली, ती विल्यम्स यांनी मानली नाही. पण १ ऑगस्ट १९७६ पासून नवी घटना लागू झाली, ब्रिटनच्या राणीच्या जागी राष्ट्रपती आला, आणि सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, रचनेत एक बदल झाला. तो माझ्या मते प्रजासत्ताक होण्याइतकाच मोठा होता.

१९६२ च्या सिनेटमध्ये अपक्ष म्हणवले जाणारे सात सदस्य होते, पण राणीचा प्रतिनिधी असलेला गव्हर्नर जनरल त्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने करायचा. म्हणजे अपक्ष सदस्यही पंतप्रधानांच्याच हातचे. १९७६ च्या घटनेतलं कलम ४० वेगळं आहे. सिनेटचे ३१ सदस्य, एकही निवडून आलेला नाही. १६ पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ६ विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने, आणि उरलेले ९ राष्ट्रपतीने स्वतःच्या विवेकाधिकारात नेमायचे. हे नऊ जण आर्थिक, सामाजिक किंवा लोकसंस्थांच्या कामातले आणि इतर मोठ्या क्षेत्रांतले नामवंत असावेत, एवढंच घटना सांगते. आपल्या राज्यसभेतल्या बारा नामनिर्देशित सदस्यांची आठवण येईल, पण आपले राष्ट्रपती ती नावं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने देतात. तिथे सल्ला कोणाचाच नाही. आणि २४५ जणांच्या सभागृहात बारा असणं आणि ३१ जणांत नऊ असणं यातला फरक वेगळा सांगायला नको.

पण १६ म्हणजे ३१ पैकी निम्म्याहून जास्त. साधं विधेयक सरकारला एकट्याच्या बळावर पास करता येतं. मग नऊ जणांचं वजन कशात? त्याचं उत्तर कलम १३ मध्ये आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मसुदाकारांच्या एका प्रशिक्षणात माझ्या शेजारी त्रिनिदादच्या राजधानीहून, पोर्ट ऑफ स्पेनहून, आलेल्या एक बाई बसायच्या. आम्हाला सरावाला एक विधेयक दिलं होतं, संशयिताला जामिनाशिवाय डांबून ठेवण्याबद्दलचं. मी नेहमीप्रमाणे व्याख्यांचं कलम लिहायला घेतलं. त्यांनी आधी पेन्सिल उचलली आणि कागदाच्या वरच्या समासात दोन आकडे लिहिले, २५ आणि १९. मग लिहायला सुरुवात केली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, आमच्याकडे मसुदा इथून सुरू होतो.

घटनेच्या कलम ४ आणि ५ मध्ये मूलभूत हक्क आहेत. कलम १३ म्हणतं की या हक्कांशी विसंगत असलेला कायदाही संसदेला करता येईल, पण दोन अटींवर. पहिली, विधेयकात ते विसंगत असल्याचं उघड लिहायचं. दुसरी, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या तीन-पंचमांश मतांनी ते पास व्हायला हवं. हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण सदस्यसंख्येच्या. ४१ चे तीन-पंचमांश म्हणजे २५ आणि ३१ चे म्हणजे १९. सरकारचे सोळाच्या सोळा सिनेटर हजर राहून बाजूने पडले तरी तिसऱ्या वाचनाला, म्हणजे अंतिम मतदानाला, तीन मतं कमी पडतात. ती विरोधकांकडून आणा किंवा त्या नऊ जणांमधून आणा.

त्या देशाचा असा एखादा कायदा मिळाला तर त्याचं शेवटचं पान जरूर बघा. सभागृहाच्या क्लार्कची सही असते आणि त्याच्या वर प्रमाणपत्र असतं: या विधेयकाला अंतिम मतदानात एकूण सदस्यांच्या तीन-पंचमांशांहून कमी नाही इतक्या, म्हणजेच अमुक इतक्या सदस्यांची मतं मिळाली. त्याखाली सिनेटच्या क्लार्कचं तसंच प्रमाणपत्र. मतांचा आकडा कायद्याच्या अंगावरच छापलेला. नागरिकाचा हक्क कापताना किती हात वर झाले होते, हे वीस वर्षांनीही कोणालाही वाचता येतं. आपल्या राजपत्रात कायदा छापून येतो तेव्हा असं काही दिसत नाही. मला ती पद्धत मनापासून आवडते.

याचा राजकारणावर कसा परिणाम होतो ते दोन निवडणुकांवरून कळेल. २०२० मध्ये सरकारकडे २२ होते, म्हणजे प्रतिनिधिगृहातच तीन कमी. जामीन, टोळ्या, शस्त्रं अशा विषयांवरचं विशेष बहुमताचं विधेयक विरोधकांच्या मनात असल्याशिवाय खालच्या सभागृहातूनही पुढे जाऊ शकत नव्हतं. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत कमला प्रसाद-बिसेसर यांच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला २६ जागा मिळाल्या, पीपल्स नॅशनल मूव्हमेंटला १३ आणि टोबॅगो पीपल्स पार्टीला २. आता प्रतिनिधिगृहातली पंचविशी गाठलेली आहे. सिनेटमध्ये मात्र गणित तेच, सोळा अधिक तीन. मतदाराने कितीही भरभरून दिलं तरी सिनेटमधले सोळा सोळाच राहतात. आणीबाणीलाही हेच लागू आहे. घोषणा सुरुवातीला पंधरा दिवस टिकते, प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने ती तीन-तीन महिन्यांनी वाढवत एकूण सहा महिन्यांपर्यंत नेऊ शकतं. त्यापुढे जायचं तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश.

घटनेत बदल करायचा तर पायऱ्या आणखी उंच आहेत. कलम ५४ प्रमाणे काही तरतुदींना दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश, म्हणजे २८ आणि २१ मतं लागतात. सर्वांत खोल रुतवलेल्या तरतुदींना प्रतिनिधिगृहात तीन-चतुर्थांश, म्हणजे ३१, आणि सिनेटमध्ये दोन-तृतीयांश.

आता एक गोष्ट विद्यार्थी नेहमी चुकतात म्हणून सांगते. तीन-पंचमांश मिळाले म्हणजे कायदा न्यायालयाच्या हाताबाहेर गेला, असं नाही. कलम १३ ला शेपटी आहे: व्यक्तीच्या हक्कांची आणि स्वातंत्र्याची योग्य कदर करणाऱ्या समाजात हा कायदा समर्थनीय नाही असं दाखवून दिलं तर तो टिकणार नाही. बरीच वर्षं ही शेपटी शोभेची वाटायची. मग २०२२ मध्ये अकिली चार्ल्स प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (त्या देशाचं शेवटचं अपील न्यायालय) खुनाच्या आरोपीला जामीन देण्याचा न्यायाधीशाचा अधिकारच काढून घेणारी जामीन कायद्यातली तरतूद घटनाबाह्य ठरवली. तो कायदा विशेष बहुमताने पास झालेला होता. उलट बाजूही लक्षात घ्या. २००७ च्या सुरत प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की हक्काला जरासा धक्का लागला म्हणून प्रत्येक कायद्याला विशेष बहुमत लागत नाही. म्हणजे २५ आणि १९ कधी लिहायचे याचाही निवाडा करावा लागतो, आणि मसुदाकाराची झोप उडते ती इथेच.

आता राष्ट्रपतीकडे वळते. ए. एन. आर. रॉबिन्सन या एका माणसाच्या कारकिर्दीत ही घटना जवळजवळ सगळ्या बाजूंनी पारखली गेली. ते टोबॅगोचे. १९८० मध्ये टोबॅगोची स्थानिक विधानसभा स्थापन झाली, तिचे पहिले प्रमुख तेच. १९८६ मध्ये त्यांच्या आघाडीने ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या आणि ते पंतप्रधान झाले. २७ जुलै १९९० ला जमात अल मुस्लिमीन या संघटनेच्या सशस्त्र लोकांनी संसदेची इमारत, रेड हाउस, ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांसह खासदारांना सहा दिवस ओलीस ठेवलं. रॉबिन्सन यांच्या पायावर गोळी झाडली. राष्ट्रपती नूर हसनअली तेव्हा परदेशात होते. अशा वेळी सिनेटचा सभापती राष्ट्रपती म्हणून काम बघतो, हे वाक्य परीक्षेत आपण एका ओळीत लिहून टाकतो. त्या आठवड्यात त्याच वाक्यामुळे इमॅन्युएल कार्टर यांना हल्लेखोरांच्या माफीपत्रावर सही करावी लागली. पुढे प्रिव्ही कौन्सिलने ती माफी अवैध ठरवली, पण इतक्या उशिरा पुन्हा खटला चालवता येणार नाही असंही सांगितलं.

१९९५ च्या निवडणुकीत दोन मोठ्या पक्षांना १७-१७ जागा मिळाल्या आणि रॉबिन्सन यांच्या पक्षाला टोबॅगोच्या दोन. त्या दोघांच्या पाठिंब्यावर बासदेव पांडे पंतप्रधान झाले, भारतीय वंशाचे पहिले. १९९७ मध्ये रॉबिन्सन राष्ट्रपती झाले आणि दोघांचे खटके उडायला लागले. डिसेंबर २००० ची निवडणूक पांडे यांनी जिंकली, पण त्यांचे काही उमेदवार पडले. पडलेल्या सात जणांना सिनेटमध्ये घ्यावं असा सल्ला त्यांनी राष्ट्रपतींना दिला. रॉबिन्सन यांनी कित्येक आठवडे सही केली नाही. लोकांनी नाकारलेल्यांना मागच्या दाराने सरकारात आणणं त्यांना पटत नव्हतं. अखेर फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी नेमणुका केल्या. घटनेच्या शब्दांकडे बघून मी इथे पांडे यांच्या बाजूने आहे. सोळा सिनेटर पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमायचे असं कलम ४० सांगतं, त्यात राष्ट्रपतीच्या पसंतीला जागा नाही. रॉबिन्सन यांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी सल्ल्याच्या जागी विवेक आणला की उद्याचा राष्ट्रपती तोच विवेक वाईट कामाला वापरू शकतो.

वर्षभरात खरी कसोटीची वेळ आली. पांडे यांच्या पक्षातून तीन खासदार फुटले, १० डिसेंबर २००१ ला मुदतपूर्व निवडणूक झाली आणि निकाल लागला १८-१८. कलम ७६ म्हणतं की बहुमत असलेल्या पक्षाच्या सभागृहातल्या नेत्याला पंतप्रधान नेमायचं. कोणाकडेच बहुमत नसेल तर राष्ट्रपतीला आपल्या मते ज्याच्या मागे बहुमत उभं राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्या सदस्याला नेमायचं. अठरा-अठरामध्ये ही शक्यता मोजणार कशी? आधीपासून पंतप्रधान असलेले पांडे एका बाजूला, विरोधी पक्षनेते पॅट्रिक मॅनिंग दुसऱ्या बाजूला. निवड राष्ट्रपतीवर सोडण्याचं दोघांनी मान्य केलं होतं. २४ डिसेंबरला रॉबिन्सन यांनी मॅनिंग यांची नेमणूक केली आणि घटनेच्या सरनाम्यातल्या नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचा आधार दिला. पांडे यांनी तो निर्णय मानला नाही.

पुढे जे झालं त्यावर मी विद्यार्थ्यांना एक अख्खा तास देते. सभागृह बसलं की पहिलं काम अध्यक्ष निवडण्याचं, त्याआधी दुसरं कामकाज होत नाही. तिथे बाहेरच्या माणसालाही अध्यक्ष करता येतं, सदस्यच हवा असं नाही. तरीही १८ विरुद्ध १८ मध्ये एकही नाव पुढे सरकेना. एप्रिल २००२ मध्ये प्रयत्न झाला, ऑगस्टमध्ये पुन्हा झाला. अध्यक्ष नाही म्हणून संसद नाही, संसद नाही म्हणून अर्थसंकल्प नाही. शेवटी ७ ऑक्टोबरला पुन्हा निवडणूक झाली, मॅनिंग यांना २० जागा मिळाल्या आणि कोंडी फुटली. मधले जवळजवळ दहा महिने देशाला पंतप्रधान होता आणि चालती संसद नव्हती. नंतर मतदारसंघ ३६ वरून ४१ केले, म्हणजे आकडा विषम झाला आणि बरोबरीचा धोका बराच कमी झाला.

कलम ७६ वर २०२५ मध्ये पुन्हा वाद झाला. कीथ रौली यांनी मार्चमध्ये पंतप्रधानपद सोडलं, पण पक्षाचं नेतेपद स्वतःकडेच ठेवलं, आणि १७ मार्चला स्टुअर्ट यंग यांचा शपथविधी झाला. पक्षाचा नेता नसलेला माणूस पंतप्रधान कसा, असा विरोधकांचा सवाल होता. माझं मत असं की कलमात ‘सभागृहातला नेता’ असे शब्द आहेत, आणि सत्ताधारी खासदार एकमुखाने मागे उभे असतील तर पक्षाच्या कार्यालयात कोणाची पाटी आहे हे राष्ट्रपतीने बघायचं कारण नाही. वाद राजकीय अंगानेच मिटला, कारण दुसऱ्याच दिवशी संसद विसर्जित झाली आणि दीड महिन्याच्या आत मतदारांनी यंग यांचं सरकार घालवलं.

आता दुखण्याबद्दल. एवढं सगळं ज्याच्या विवेकावर आहे, त्या राष्ट्रपतीला निवडतं कोण? दोन्ही सभागृहांचे सदस्य एकत्र बसून, गुप्त मतदानाने. आपल्याकडे राज्यांचे आमदारही मत देतात, तिथे राज्यंच नाहीत. हिशोब करा: ४१ अधिक ३१ म्हणजे ७२. सरकारचे प्रतिनिधिगृहात निसटत्या बहुमताचे २१ आणि सिनेटचे १६ मिळून ३७ होतात. विरोधकांशी एक शब्द न बोलता सत्ताधारी पक्ष आपला राष्ट्रपती निवडू शकतो. २०१८ मध्ये न्यायमूर्ती पॉला-मे वीक्स यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०२३ मध्ये क्रिस्टीन कांगालू यांची निवड ४८ विरुद्ध २२ अशी लढून झाली. त्या सत्ताधारी पक्षाच्या माजी मंत्री आणि सिनेटच्या सभापती होत्या, आणि विरोधकांचा आक्षेप त्यावरच होता. नऊ सिनेटर स्वतंत्र असावेत असं वाटत असेल तर त्यांना नेमणाऱ्या व्यक्तीच्या निवडीसाठीही तीन-पंचमांशाची अट घालायला हवी होती. १९७६ च्या घटनेतली मला वाटणारी सर्वांत मोठी उणीव ती हीच.

आयोगांचंही तसंच. सरकारी नोकर, पोलीस, शिक्षक आणि न्यायाधीश यांच्या नेमणुका मंत्र्यांच्या हातात राहू नयेत म्हणून चार स्वतंत्र आयोग आहेत. छोट्या देशात याचं मोल फार आहे, कारण मंत्री आणि कारकून एकाच शाळेत शिकलेले असतात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात. तरी पंतप्रधानांना खात्याच्या स्थायी सचिवासारख्या काही वरिष्ठ नेमणुकांवर नकाराधिकार आहे. पोलीस आयुक्ताच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. पोलीस सेवा आयोगाने गुणवत्तायादी करायची, ती राष्ट्रपतीमार्फत प्रतिनिधिगृहाकडे जायची आणि सभागृहाने मंजुरी द्यायची. ऑगस्ट २०२१ मध्ये अशी यादी राष्ट्रपती भवनात पोहोचली आणि परत घेतली गेली. का, यावरून गदारोळ झाला, आयोगाचे सदस्य एकामागून एक राजीनामे देऊन गेले आणि आयोगच उरला नाही. विरोधकांनी राष्ट्रपती वीक्स यांच्या पदच्युतीचा प्रस्ताव आणला. २१ ऑक्टोबरला दोन्ही सभागृहं एकत्र बसली आणि तो फेटाळला गेला. स्वतंत्र आयोग कागदावर भक्कम असला तरी पाच-सहा माणसांवर उभा असतो, हे त्या दोन महिन्यांत दिसलं.

न्यायालयांबद्दल थोडक्यात. शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. कॅरिबियन न्यायालय २००५ मध्ये सुरू झालं, त्याचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे. बार्बाडोस, गयाना, बेलीझ, डॉमिनिका, सेंट लुसिया यांनी आपली अपिलं तिकडे वळवली, पण यजमान देशाने वळवलेली नाहीत. दुसरी महत्त्वाची गोष्ट कलम ६ ची. आपल्या घटनेचं कलम १३ म्हणतं की घटनेपूर्वीचा कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर तेवढ्यापुरता रद्द. त्रिनिदादचं कलम ६ नेमकं उलटं बोलतं: घटनेपूर्वी अस्तित्वात असलेला कायदा हक्कांशी विसंगत म्हणून रद्द होणार नाही. खुनाला फाशी हीच एकमेव शिक्षा, हा इंग्रजी अमलातला नियम तिथे याच कलमाच्या आडोशाने टिकला आहे. २००४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या नऊ न्यायाधीशांनी तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला, २०२२ मध्ये पुन्हा. १९९९ नंतर प्रत्यक्षात कोणाला फाशी दिलेली नाही, पण न्यायाधीशाला दुसरी शिक्षा सुनावण्याची मोकळीक नाही. माझ्या लेखी हे कलम जायला हवं.

राहिला टोबॅगो. घटनेने त्याला कमीत कमी दोन मतदारसंघ दिले आहेत आणि १९९५ मध्ये पाहिलं तसं त्या दोन जागांवर कधी कधी देशाचं सरकार ठरतं. टोबॅगोची स्वतःची विधानसभा १९९६ च्या कायद्याने चालते, प्रमुखाला मुख्य सचिव म्हणतात. आपल्याकडचा मुख्य सचिव सनदी अधिकारी, तिथला निवडून आलेला नेता, हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय अर्थसंकल्पातला ४.०३ ते ६.९ टक्के वाटा त्यांना मिळावा असं ठरलेलं आहे, आणि दर वर्षी भांडण त्या टक्क्यावरून होतं. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत तिथेही बारा जागांत ६-६ अशी बरोबरी झाली, तोच अठरा-अठराचा प्रसंग छोट्या रूपात. जागा पंधरा केल्या आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा एकाच पक्षाला १४ मिळाल्या.

तुम्हाला मूळ घटना वाचायची असेल तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी कलम ८० वाचा, मग ४०, मग १३, मग ७६. हातात पेन्सिल घ्या आणि राष्ट्रपती कोणाच्या सल्ल्याने वागतो हे प्रत्येक वेळी समासात लिहीत जा: मंत्रिमंडळ, पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, आयोग, की कोणीच नाही. ‘सल्ल्याने’ आणि ‘विचारविनिमयानंतर’ हे शब्द वेगळे मोजा, कारण सल्ला बांधतो आणि विचारविनिमय बांधत नाही. सरन्यायाधीशाची नेमणूक पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता या दोघांशी विचारविनिमय करून राष्ट्रपती करतो, हे तुम्हाला कलम १०२ मध्ये सापडेल. मग आपल्या घटनेचं कलम ७४ शेजारी ठेवा आणि दोन्ही समास ताडून बघा.